सव्वीसशे अकरा लिफ्टा आणि एक खातं

वहिनींना एकूण चौऱ्याऐंशी दीर. सख्खा एकही नाही. सगळे लिफ्ट दुरुस्त करणारे, ग्रीसचे हात पँटला पुसणारे आणि फोन लागला की "वहिनी, जरा बघा ना" अशी सुरुवात करणारे. पंच्याऐंशीवी त्यांची स्वतःची लेक. तीही लिफ्टच दुरुस्त करते आणि तीही फोनवर असंच बोलते, फक्त वहिनीच्या जागी आई म्हणते.

वहिनी पूर्वी एका लिफ्टच्या कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसायच्या. नवरा त्याच कंपनीत मिस्त्री. पुढे कंपनीने गाशा गुंडाळला, मिस्त्री लोक आपापली कामं घेऊन सुटे झाले आणि तक्रारींचा फोन आला वहिनींच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. कोणी नेमलं नाही, कोणी विचारलंही नाही. एवढंच झालं की चौऱ्याऐंशी जणांना हाच नंबर पाठ होता.

मिस्त्रींच्या, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याच्या, उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. एका इमारतीतली लिफ्ट दार उघडलं की अर्धा फूट खाली सरकायची. आधीच्या मेकॅनिकला ते माहीत होतं. मिस्त्रींना नव्हतं. दवाखान्यात भेटायला आला तेव्हा तो काय म्हणाला असेल? "विचारलं असतंस तर सांगितलं असतं." म्हणजे बघा! लिफ्ट दोन बोटं खाणार आहे का, हे आधी विचारायचं असतं! मिस्त्री उशीवरून म्हणाले, "माणसं सांगत नाहीत. लिफ्टनेच सांगायला हवं."

त्यातून कट्टा निघाला. कट्टा म्हणजे संगणकावरचा एक चर्चेचा मंच. त्याचं सॉफ्टवेअर परदेशी कंपनीचं, पण फुकट मिळायचं. आपल्याच संगणकावर टाकायचं आणि आपलं आपण चालवायचं. वहिनींनी ते पुस्तिका वाचून, डोकं फोडून, तीन रविवार घालवून घरातल्या जुन्या संगणकावर बसवलं. तो संगणक इस्त्रीच्या टेबलाखाली असतो. त्याच्यावर ओला टॉवेल टाकलेला वहिनींना खपत नाही.

कट्ट्यावर मेकॅनिक कमी आणि लिफ्टा जास्त. मिस्त्रींनी पहिल्या दिवशीच नियम घातला की प्रत्येक लिफ्टचं स्वतःचं खातं उघडायचं आणि लिहायचं ते लिफ्टच्या तोंडून. सगळ्या लिफ्टांचा पासवर्ड एकच. काम झालं की मेकॅनिक त्या लिफ्टच्या नावाने आत शिरायचा आणि लिहायचा. 'वकिलांची खडूस' म्हणायची, "तिसऱ्या मजल्यावर माझं दार हाताने लावावं लागतं. मला लाथा मारू नका." 'बँकेमागची रडकी' म्हणायची, "वरती जाताना मी कुंथते. त्याचं काही नाही, सवय आहे." 'छापखान्याची म्हैस' एकदा नुसतंच म्हणाली, "कागदाचे गठ्ठे भरून मला मारून टाका एकदाचं." सुरुवातीला पोरखेळ वाटला होता. पण जो माणूस अर्ज लिहायचा म्हटलं की घामाघूम व्हायचा, तो लिफ्टच्या तोंडून पानभर लिहायला लागला. स्वतःची चूक कबूल करायला जड जातं. लिफ्टची चुगली करायला कोणाला जड जातंय!

जिवाशी खेळ असेल तिथे लाल खूण करायची. अशा लाल खुणा सतरा होत्या. त्यांतली सगळ्यात वाईट अशी: "माझ्या टपावरचा लाल खटका पहिल्या दोन वेळा दाबला तर चालतो. पुढे कधी तिसऱ्यांदा, कधी दहाव्यांदा दगा देतो. तीनदा बदलला, दोष वायरीत कुठेतरी आहे, सापडत नाही. मशिनरूममधलं मेन बंद केल्याशिवाय माझ्या डोक्यावर चढू नका." लाल खटका दाबून लिफ्ट जागच्या जागी थांबवायची आणि मग तिच्या टपावर उभं राहून काम करायचं, ही रोजची रीत. चढण्याआधी खटका तपासायचा, हीही रीत. जो खटका तपासताना चालतो आणि तुम्ही वर असताना चालत नाही, त्याच्यापुढे कोणती रीत पुरणार? म्हणून मेकॅनिक कोणत्याही इमारतीत शिरण्याआधी वहिनींना फोन करायचा, वहिनी त्या लिफ्टच्या नावावर टिचकी मारायच्या आणि तिने आजवर जे जे सांगितलं ते वाचून दाखवायच्या. चौदा वर्षांत एकाचंही बोट गेलं नाही.

आणि मग एक तारखेला कंपनीचं पत्र आलं.

पत्राची सुरुवात "आम्हाला कळवताना अतिशय आनंद होतो" अशी. वहिनी तिथेच सावध झाल्या. तक्रारींच्या फोनवर एवढी वर्षं काढलेल्या बाईला कोणाचा आनंद आपल्याला महागात पडणार हे बरोबर कळतं. सात परिच्छेदांनंतर मुद्दा आला. स्वतःच्या संगणकावर चालणाऱ्या मंचांसाठी परवान्याचे नियम बदलले होते. पाचशे सभासदांपर्यंत फुकट. त्यापुढे व्यावसायिक परवाना, ज्याचा दर मोठ्या संस्थांच्या मापाने ठरवलेला. फुकटवाल्यांना बॅकअप एकच ठेवता येणार, नवा झाला की जुना जाणार. फुकटवाल्यांना मदत मिळणार ती फक्त अर्ज भरून. जुन्या आवृत्तीची डागडुजी बंद. आणि तीस तारखेला पाचशेच्या वर सभासद दिसले, तर मंचाला कुलूप.

वहिनींच्या कट्ट्यावर सभासद दोन हजार सहाशे शहाण्णव. पंच्याऐंशी माणसं आणि सव्वीसशे अकरा लिफ्टा. मंच चालवणाऱ्याचं, म्हणजे वहिनींचं, खातं कंपनी मोजत नाही.

"कुलूप म्हणजे?" मिस्त्रींनी विचारलं. "संगणक आपला, वीज आपली, आपल्या घरात येऊन कुलूप कोण घालणार?"

"अहो, आतूनच पडतं. गेल्या वर्षी मी अपडेट केलं ना, त्यातच बसवलंय त्यांनी."

"कशाला केलंस मग?"

"सुरक्षेसाठी करा म्हणाले म्हणून!" वहिनी ओरडल्या. इमानेइतबारे प्रत्येक अपडेट करणाऱ्या बाईला हे बक्षीस. ज्यांनी आळस केला, जुनीच आवृत्ती ठेवली, ते सुखात. सरळ वागणाऱ्याच्याच नशिबी हे का असतं, देव जाणे.

लेक म्हणाली, दुसऱ्या सॉफ्टवेअरवर हलवू. तिच्या ओळखीचा एक संगणकवाला येऊन बघून गेला. सगळं नीट हलवायला दोन महिने म्हणाला. हातात होते एकोणतीस दिवस. वहिनींनी अर्ज भरला.

"आमच्या मंचावर माणसं पंच्याऐंशीच आहेत," त्यांनी लिहिलं. "बाकीच्या लिफ्टा आहेत. कृपया लिफ्टा मोजू नयेत."

पाच दिवसांनी उत्तर आलं. खाली सही 'तुमची आनंदी मदत टीम'. त्यांनी सुचवलं होतं की जे सभासद बरेच दिवस आलेले नाहीत त्यांना आठवणीचा मेल पाठवावा.

वहिनींनी दुसरा अर्ज भरला. लिफ्ट म्हणजे काय, ती मेल का वाचत नाही, सगळं सविस्तर. सहा दिवसांनी उत्तर आलं की प्रत्येक सभासदाने नव्या अटी स्वतः वाचून मान्य केल्या पाहिजेत, आणि अठरा वर्षांखालील सभासदांसाठी पालकांची संमती लागेल. मिस्त्री हसून हसून खोकायला लागले. "म्हैस बारा वर्षांची आहे," ते म्हणाले, "तिच्या पालकांना कुठे गाठायचं?"

"तुम्हाला थट्टा सुचतेय! इथे माझ्या डोक्याला ताप झालाय."

"मग काय रडू?"

"रडू नका, पण निदान गप्प बसा."

तिसऱ्या अर्जाला उत्तर आलंच नाही. चौथ्याला आलं, पण तिसऱ्याचं. वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर त्या स्वतः तक्रारींच्या फोनवर बसल्या होत्या. शिव्या खाल्ल्या, रडणाऱ्यांना धीर दिला, पण समोरचा काय म्हणतोय ते ऐकून न घेता फोन कधी ठेवला नाही. इथे फोनच नव्हता. होती फक्त एक चौकट, आत लिहायचं आणि 'पाठवा' म्हणायचं. विहिरीत दगड टाकला तर खालून डुबुक तरी येतं.

अठ्ठावीस तारखेला मात्र एक खरं माणूस सापडलं. कोण होतं ते कळलं नाही, पण त्याने वाचलेलं दिसत होतं. "तुमच्या लिफ्टांची कल्पना मला फार आवडली," त्याने लिहिलं होतं. "नियम मी बदलू शकत नाही. पण 'खाती एकत्र करा' अशी सोय आहे. सगळ्या लिफ्टांचं मिळून एक खातं करा. त्यांनी लिहिलेलं सगळं सुरक्षित राहील." वहिनींचे डोळे भरून आले. महिनाभर दगडावर डोकं आपटल्यावर कोणीतरी माणसासारखं बोललं होतं.

वहिनी धांदरट नव्हेत, हे मी आवर्जून सांगतो. त्यांनी आधी दोनच खाती एकत्र करून पाहिली. 'दवाखान्यातली थोरली' आणि 'दवाखान्यातली धाकटी'. एकत्र केल्यावर 'दरवाजे' या विषयात जाऊन वाचलं. "मी स्ट्रेचर आत घेताना घाई करते," हे धाकटीचं. "माझा आरसा काढा, पेशंट घाबरतात," हे थोरलीचं. एक शब्द हललेला नव्हता. सगळं जिथल्या तिथे, नीट वाचता येत होतं.

एकोणतीस तारखेला दुपारी जेवण उरकून, हात धुऊन, पुसून, वहिनींनी उरलेल्या सगळ्या लिफ्टांवर खूण केली आणि बटण दाबलं. 'ही क्रिया मागे घेता येणार नाही' असं यंत्राने बजावलं. वहिनींनी 'हो' म्हटलं. दोन तास चक्र फिरत राहिलं. मग पडद्यावर हिरवी पट्टी आली, "अभिनंदन! तुमचा मंच आता नव्या नियमांनुसार आहे." सभासद शहाऐंशी. वहिनींनी मिस्त्रींना चहा दिला, स्वतः घेतला आणि कितीतरी दिवसांनी आडव्या झाल्या.

सकाळी सहाला रोजच्यासारखा बॅकअप झाला. नवा झाला, जुना गेला.

दहाला पहिला फोन. त्याला सगळे टेलर म्हणतात, कारण तो दोर सुतळीने शिवल्यासारखे बांधतो. "वहिनी, वकिलांच्या खडूसकडे आलोय. जरा बघा ना."

वहिनींनी शोधलं. खडूस नव्हती. नसणारच, आता एकच खातं होतं, 'सर्व लिफ्टा'. त्यांनी ते उघडलं. चौदा वर्षांचं लिखाण सलग समोर आलं. मी गचका देते. मी कुंथते. माझं दार हाताने लावा. मी पाचव्यावर थांबत नाही. माझा ब्रेक घसरतो. मी, माझं, मला, पानामागून पान, आणि प्रत्येकीच्या डाव्या अंगाला एकच नाव, 'सर्व लिफ्टा'.

लिफ्ट स्वतःच बोलतेय म्हटल्यावर मजकुरात स्वतःचं नाव कोण लिहील? नाव डावीकडे असायचंच. चौदा वर्षं असायचं. आणि तपासून पाहताना त्यांनी घेतल्या होत्या त्या दवाखान्यातल्या दोघी, ज्यांचं अक्षर न् अक्षर त्यांना तोंडपाठ होतं. नाव गेलेलं त्यांना दिसलंच नव्हतं, कारण ते वाचायची त्यांना गरजच नव्हती.

"वहिनी? आहात ना?" टेलर विचारत होता.

"आहे," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, आज वर चढू नका. मी मागाहून फोन करते."

मग त्यांनी बॅकअप उघडला. तोही सकाळी सहाचा. तोही 'सर्व लिफ्टा'. अर्ज भरला, तातडीचं म्हणून. तीन दिवसांनी उत्तर आलं की एकत्र केलेली खाती वेगळी करता येत नाहीत आणि तसं आधी बजावलेलं आहे. खाली विचारलं होतं की आमची मदत तुम्हाला कितपत उपयोगी वाटली, पाचपैकी किती तारे द्याल? वहिनींनी आयुष्यात प्रथमच घरात शिवी दिली. मिस्त्रींनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"चूक माझी आहे," वहिनी म्हणाल्या. "बटण मी दाबलं."

"बटण तू दाबलंस, पण तुला तिथपर्यंत कोणी ढकलत नेलं?"

"ते सांगून तुमची बोटं परत येणार आहेत का?"

मिस्त्री खुर्ची ओढून इस्त्रीच्या टेबलापाशी बसले आणि म्हणाले, "लाल खुणावाल्या आधी वाच."

वहिनी वाचत गेल्या आणि मिस्त्री डोळे मिटून ऐकत राहिले. "ही कापडवाल्यांची, जुनी. 'पोरांनो' म्हणते ना, ते माझंच लिखाण." "ही म्हैस." "ही हॉटेलाची मागची, टेलरने लिहिलंय, त्याला स्वल्पविराम माहीत नाही." दोन दिवसांत मिस्त्रींनी सतरापैकी अकरा ओळखल्या. मग वहिनींनी फोन धरला. काम सोडलेले, गाव सोडलेले, एकजण तर आता कुत्री विकणारा, सगळ्यांना एकेक मजकूर वाचून दाखवला. आणखी पाच सापडल्या. एक राहिली. लाल खटक्याची.

ती कोणाचीच नव्हती. ते आपण लिहिलंय असं कोणीही म्हणेना. दोघं वारले होते, त्यांच्यापैकी एकाने लिहिलं असेल. तारीख नऊ वर्षांपूर्वीची. एवढंच.

वहिनींनी कट्ट्यावर स्वतःच्या नावाने लिहिलं, "सव्वीसशे अकरापैकी एक लिफ्ट अशी आहे. कोणती ते आता सांगता येत नाही. चूक माझी. ती सापडेपर्यंत प्रत्येक लिफ्ट तीच आहे असं समजा. मेन बंद केल्याशिवाय कोणीही टपावर चढायचं नाही." खाली टेलरने लिहिलं, "वहिनी, प्रत्येक ठिकाणी मशिनरूमची चावी मिळवायची म्हणजे दिवसाला दोनच कामं होतील." दुसऱ्याने लिहिलं, "मग कट्टा कशाला चालवायचा?" कोणी वाईट बोललं नाही. वाईट बोलले असते तर बरं वाटलं असतं, असं वहिनी नंतर म्हणाल्या.

सात तारखेला सकाळी अकराच्या सुमाराला लेकीचा फोन आला. मागे गलका होता, कोणीतरी पत्र्यावर मुठी आपटत होतं.

"आई, आठ मजली इमारत आहे, शाळेच्या मागची. सहा आणि सातच्या मध्ये अडकलीय. आत एक आजी आहेत, एकट्याच. मशिनरूमला कुलूप, चावी व्यवस्थापकाकडे, आणि तो शहराच्या दुसऱ्या टोकाला. टपावरून गेले तर दहा मिनिटांत दार मोकळं करीन. लाल खटका दोनदा दाबून बघितला, चालतोय. जाऊ का वर?"

वहिनींचा हात सवयीने माऊसकडे गेला आणि तिथेच राहिला.

"नको जाऊस," त्या म्हणाल्या.

"अगं आई, त्यांचा मुलगा माझ्या अंगावर येतोय! आजी आत रडतायत!"

"ऐकू येतंय मला. नको जाऊस. चावी येईपर्यंत थांब. आजींशी दाराबाहेरून बोलत राहा आणि फोन ठेवू नकोस."

मिस्त्री उठून जवळ आले. वहिनींनी नकारार्थी मान हलवली. सव्वीसशे दहा वाटा बऱ्याच्या आणि एक वाईटाची, हे त्यांनाही कळत होतं. त्या एका वाटेवर मुलगी कशी पाठवायची?

पन्नास मिनिटं लागली. पन्नास मिनिटं वहिनी फोनवर लेकीचं बोलणं ऐकत होत्या, "आजी, खाली बसा, पाठ टेकवा, आलेच बघा," आणि मधूनमधून तो मुलगा, ज्याचा आवाज चढतच होता. मग चावी आली, धावत जिना चढल्याचा आवाज आला, आणि पुष्कळ वेळाने दार सरकल्याचा. आजी बाहेर आल्या होत्या. बऱ्या होत्या. वहिनींनी श्वास सोडला.

तेवढ्यात तो मुलगा अगदी फोनच्या जवळ येऊन ओरडला, "दहा मिनिटांचं काम होतं म्हणालात ना? मग तासभर माझ्या आईला आत का ठेवलंत? वर जाणं धोक्याचं आहे की नाही, एवढंही तुम्हाला माहीत नसतं?"



"गेल्या आठवड्यापर्यंत माहीत होतं," लेक म्हणाली.